अकरा प्रोटॉनांची चांदी

एका जंगलात, मुलांनो, वाघच उरला नव्हता.

होता तो कंटाळून निघून गेला. रोज सकाळी जीपगाड्या यायच्या, माणसं त्याचे फोटो काढायची आणि "ए, जरा इकडे बघ की!" म्हणून शिट्ट्या मारायची. एक दिवस वाघ उठला, नदी ओलांडून पलीकडे गेला. जाताना राजीनामासुद्धा दिला नाही. वाघ असे उद्धटच असतात.

जंगलाला राजा हवा होता. हत्तीला विचारलं, तर तो म्हणाला, "मला वेळ नाही, मला दिवसभर खायचं असतं." अस्वलाला विचारायला गेले, तर ते झोपलं होतं. मग तरस पुढे आला.

तरस पाहिलाय का तुम्ही? पुढून उंच, मागून बुटका, पाठ उतरत्या छपरासारखी. शिकार दुसऱ्यानं करायची, जेवायला यानं यायचं. पण त्याच्या अंगावर पट्टे असतात. ते मात्र कोणी नाकारू शकत नाही.

"पट्टे कोणाला असतात?" तरसानं भरसभेत विचारलं.

"वाघाला," सगळे म्हणाले.

"माझ्या अंगावर काय आहे?"

"पट्टे."

"मग मी कोण?"

हरणं सशांकडे बघू लागली, ससे जमिनीकडे. एवढ्यात सुमुख नावाचा एक कोल्हा उभा राहिला आणि त्यानं आरोळी ठोकली, "व्याघ्रराजांचा विजय असो!"

त्याच संध्याकाळी सुमुख प्रधान झाला. त्या जंगलात बुद्धिमत्तेची कदर अशी हातोहात व्हायची.

राजा झाल्यावर तरसानं पहिलं काम केलं ते नामकरण खातं काढण्याचं. मी तरस म्हणालो का? जीभ घसरली. व्याघ्रराजांनी. या खात्याचा नियम सोपा होता. खातं ज्याला जे म्हणेल, ते ते झालं. करवंदीच्या जाळीला आमराई म्हटलं, आमराई झाली. आमराईत आंबे का लागत नाहीत म्हणून माकडांनी तक्रार केली, तेव्हा त्यांना उत्तर मिळालं की करवंदांनाच आता हापूस म्हणतात. माकडं करवंदं खात घरी गेली. दलदलीला त्यांनी सागर म्हटलं. तिच्यात एक गवा रुतला, तर तो समुद्रपर्यटनाला गेल्याची दवंडी पिटली.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग राजाला मुकुट हवासा वाटला.

"चांदीचा," व्याघ्रराज म्हणाले. "आणि बसायला चांदीचा चौरंग. उन्हाळा संपायच्या आत मला तळ्यावर जलाभिषेक करून घ्यायचाय. वाघ पोहतात, हे सगळ्यांनी बघायला पाहिजे."

आता जंगलात चांदी कुठली? पण सुमुख काही साधासुधा कोल्हा नव्हता. जंगलाच्या कडेला माणसांनी सोडून दिलेला एक कारखाना होता. छप्पर उडालेलं, भिंतींवर वेली चढलेल्या. तिथे सुमुखाला एक पिंप सापडलं. झाकण काढलं तर आत रॉकेल आणि रॉकेलात बुडवलेले मळकट गोळे. त्यानं एक गोळा बाहेर काढून दातानं जरासा खरवडला. आत लख्ख पांढरी चकाकी!

जिभेला मात्र असा चटका बसला की सुमुख दोन दिवस बोबडं बोलत होता. राजभाषेत या बोलण्याला गंभीर वाणी म्हणतात.

पिंप दरबारात आलं. वानर सोनारानं सुरी चालवली, तर धातू लोण्यासारखा कापला गेला. "वा!" सुमुख म्हणाला. "चांदीसुद्धा महाराजांपुढे नरम झाली!" नामकरण खात्यानं तिथल्या तिथे जाहीर केलं की ही चांदीच. राहिली होती फक्त एक रीत. राजरसायनज्ञाची संमती.

राजरसायनज्ञ होती विदुला. ती जातीनं साळिंदर. शिकलेली होती, हुशार होती आणि वडाच्या मुळाशी तिची छान प्रयोगशाळा होती. तिथे ती झाडांच्या साली उकळून औषधं करायची. तिच्या औषधानं हरणांची खुरकूत बरी झाली होती, म्हातारी नीलगाय परत चालू लागली होती. पण प्रयोगशाळेचं छप्पर राजाचं, चूल राजाची, काचेची भांडी राजाची. हे विदुला कधी विसरायची नाही. विसरली, तर सुमुख आठवण करून द्यायचा.

सुमुख गोळा घेऊन तिच्याकडे आला. विदुलानं सुरीनं एक फोड कापली. कापलेला भाग चमकला आणि बघता बघता काळवंडला. तिच्या पाठीवरचे काटे ताठ उभे राहिले.

"प्रधानजी, ही चांदी नाही. हे सोडियम आहे."

"कोणी ठरवलं?"

"त्याच्या गाभ्यानं."

मुलांनो, आता इथे नीट लक्ष द्या, कारण हे परीक्षेत येणार नाही. जगातला प्रत्येक पदार्थ बारीक बारीक अणूंचा बनलेला असतो. अणूच्या मध्यभागी असतो गाभा आणि गाभ्यात असतात प्रोटॉन नावाचे कण. त्यांची संख्या हीच त्या अणूची ओळख. विदुलानं सुमुखाला हेच सांगितलं.

"अकरा प्रोटॉन म्हणजे सोडियम. सत्तेचाळीस म्हणजे चांदी. रंग बदला, आकार बदला, वितळवा, गाणी म्हणा. अकराचे अकराच राहतात."

"म्हणजे कमी किती पडतायत?"

"छत्तीस."

"एवढंच ना? छत्तीस कण मी उद्याच भरती करतो. माझ्या मेव्हण्याचे पुतणेच बावीस आहेत."

"प्रधानजी, सोडियम आणि चांदी यांच्यात खरोखरच छत्तीसचा आकडा आहे. गाभ्यात तुमची वशिल्याची माणसं जात नाहीत. आणि नुसत्या नावाचा प्रश्न असता, तर मी काही बोललेही नसते."

हे ती खरंच बोलली. आमराईच्या वेळी, सागराच्या वेळी ती काही बोलली नव्हती.

"मग प्रश्न कसला आहे?"

"त्याच्या वागण्याचा. गाभ्याभोवती इलेक्ट्रॉन फिरतात. जितके प्रोटॉन, तितकेच इलेक्ट्रॉन. सोडियमचे अकरा. आतल्या घरात दोन, मधल्या घरात आठ. ती दोन्ही घरं भरली, मिटली. अकरावा उरतो एकटा, अगदी बाहेरच्या ओसरीवर. त्याला तिथे कोणी धरून ठेवत नाही. समोर घेणारा दिसला, की सोडियम तो देऊन टाकतं. आणि पाण्यासारखा घेणारा नाही. पाणी लागलं की सोडियम फसफसतं, तापतं, त्यातून हायड्रोजन वायू निघतो आणि पेट घेतो. म्हणून तर ते रॉकेलात बुडवून ठेवतात!"

"देऊन टाकतं म्हणजे दानशूर आहे," सुमुख म्हणाला. "राजाच्या मस्तकावर असाच धातू शोभतो."

"चेष्टा नाही हो. याच्या गाभ्यात एक प्रोटॉन कमी असता, तर हा नियॉन वायू असता. नियॉनची घरं भरलेली. कुणाचं घेत नाही, कुणाला देत नाही, कुणाशी भांडत नाही. एका कणाचा एवढा फरक! महाराज पाण्यात उतरणार आहेत, प्रधानजी. डोक्यावर हे घालून."

सुमुखानं गोळा पुन्हा रॉकेलात टाकला आणि प्रयोगशाळेभर शांतपणे नजर फिरवली. छपराकडे पाहिलं. चुलीकडे पाहिलं. काचेच्या भांड्यांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"छान जागा आहे हो, बाई," तो म्हणाला. "ससाण्यांना केव्हापासून हवीय. उद्या दरबारात तुम्हाला प्रश्न विचारले जातील. जेवढं विचारलं जाईल, तेवढ्याचंच उत्तर द्या. खोटं बोला असं मी म्हणतच नाही. खोटं बोलायला आमची स्वतंत्र माणसं आहेत."

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. काटे उभे राहू नयेत म्हणून विदुला पाठीवर जाड शाल घट्ट बांधून आली होती.

"हा पदार्थ धातू आहे का?" सुमुखानं विचारलं.

"आहे."

"चकाकतो का?"

"ताजा कापला तर चकाकतो."

"यातून वीज वाहते का? चांदीतून वाहते तशी?"

"वाहते."

"धातू आहे, चकाकतो, वीज वाहून नेतो. चांदीही तशीच. आणखी काय पाहिजे? धन्यवाद, बाई."

विदुला क्षणभर उभी राहिली. पुढचा प्रश्न कोणीतरी विचारील असं तिला वाटलं. पाण्याचा. कोणीच विचारला नाही. ती खाली बसली. तिनं एक अक्षर खोटं उच्चारलं नव्हतं, मुलांनो. खरं बोलूनही लबाडी करता येते, आणि त्याला शिक्षण लागतं.

दरबार सुटल्यावर कमळजा तिच्यामागे धावत आली. कमळजा म्हणजे तळ्यातली पाणमांजर. पावसाळ्यात तिचा नवरा पुरात वाहून गेला होता. तळ्याच्या काठी, कपारीत, ती तीन पिल्लांना घेऊन राहायची.

"विदुलाताई, अभिषेक माझ्या दारातच आहे. पिल्लं फार नाचतायत. म्हणतात, चांदी बघायची. काही धोका नाही ना?"

विदुलाची शाल पाठीवर ताणली गेली.

"त्या दिवशी पिल्लांना घेऊन ओढ्यावर जा," ती हळू आवाजात म्हणाली. "वरच्या अंगाला. आणि दुपारपर्यंत परत येऊ नकोस."

"का हो?"

"जा म्हटलं ना."

कमळजा तिच्याकडे बघत राहिली. "म्हणजे धोका आहे. मग दरबारात का नाही बोललात?"

"मला विचारलं नाही."

"मीही तर कधी विचारलं नव्हतं, तरी माझ्या धाकट्याला खोकला झाल्यावर तुम्ही औषध घेऊन आला होतात."

विदुला चालू लागली. घरी जाऊन तिनं चूल पेटवली, त्यावर काही ठेवलं नाही आणि तशीच बसून राहिली.

इकडे मुकुट तयार होत होता. वानर सोनाराची घामेजलेली बोटं जिथे जिथे धातूला लागली, तिथे तिथे भाजली. त्यानं तक्रार केली, तर त्याला सांगण्यात आलं की हे चांदीचं तेज आहे, सामान्यांना सोसत नाही. मुकुट उघड्यावर ठेवला की काळा पडायचा, म्हणून तो रॉकेलात बुडवून ठेवायचे. चौरंगाला तर रोज रॉकेलाचं न्हाणं. सगळ्या राजवाड्यात रॉकेलाचा वास भरून राहिला. नामकरण खात्यानं त्याला कस्तुरी म्हणायला सांगितलं. खरा कस्तुरीमृग दोन दिवस नाक मुरडून हिंडला आणि मग जंगल सोडून गेला.

अभिषेकाचा दिवस उजाडला. उन्हाळ्यानं तळं आटलेलं, खडकाच्या वाटीत उरलेलं पाणी. त्यात मासे गर्दी करून होते. काठावर सगळं जंगल लोटलं होतं. पाण्यालगतच्या खडकावर चौरंग मांडला होता. मध्ये मेण लावलेलं जाड कातडं टाकून त्यावर व्याघ्रराज बसले. डोक्यावर कातडी टोपी, टोपीवर मुकुट. ऊन पडलं आणि मुकुट झळकला. खोटं कशाला बोलू, सुंदरच दिसत होता.

विदुला मान्यवरांत बसली होती. समोरच्या काठावर तिला काहीतरी हललेलं दिसलं. कपारीतून तीन छोटी डोकी बाहेर आली होती. त्यांच्यामागे कमळजा. ती ओढ्यावर गेलीच नव्हती. नंतर तिनं सांगितलं की प्रधानांनी सगळ्यांना हजर राहण्याची सक्ती केली होती. न येणाऱ्याचं घर नामकरण खातं "ओसाड जागा" म्हणून जाहीर करणार होतं.

"आता व्याघ्रराज पोहतील!" सुमुखानं पुकारा केला.

राजे उठले. एक पाय पाण्याकडे टाकला.

"महाराज, थांबा!"

विदुला उभी होती. तिची शाल फाटून खाली पडली होती आणि पाठीवरचा एकेक काटा उभा होता.

"मुकुट काढा! ती चांदी नाही, सोडियम आहे. पाण्यात गेलं की फुटेल. मला पहिल्यापासून माहीत होतं!"

व्याघ्रराजांनी सुमुखाकडे पाहिलं. सुमुख गोड हसला.

"बाईंना ऊन लागलंय, महाराज. आणि वाघ कधी माघार घेतात का?"

वाघ माघार घेतात, मुलांनो. शहाणा वाघ नेहमी घेतो. पण तरसाला हे कुठून ठाऊक असणार? राजांनी दुसरा पाय उचलला.

साळिंदर हल्ला करतं ते उलटं धावत. विदुला वळली आणि पाठ पुढे करून जी सुटली, ती थेट राजाच्या अंगावर. राजे किंचाळून बाजूला उडी मारायला गेले. मुकुट डोक्यावरून निसटला, खडकावर आपटला आणि घरंगळत पाण्यात गेला.

"कमळजा, पिल्लांना उचल!" विदुला ओरडली. "सगळे मागे व्हा!"

मुकुट बुडाला नाही. तो पाण्यावर तरंगत होता. आधी फसफसला. मग गरगर फिरत तळ्यावर सैरावैरा पळू लागला. मग पिवळी ज्वाळा उठली. आणि मग असा आवाज झाला, की जीपगाड्यांची माणसंसुद्धा त्या दिवशी अर्ध्या वाटेतून परत गेली. पाण्याचा एक लोट वर उसळला आणि चौरंगावर पडला. चौरंग मुकुटापेक्षा बराच मोठा होता.

तो उडाला तेव्हा खडकाला तडा गेला.

कोणी मेलं नाही. सगळे मागे पळाले होते. राजे सर्वांत पुढे होते, म्हणजे पळण्यात. त्यांच्या शेपटीचे आणि पाठीचे केस जळून गेले, आणि त्या केसांबरोबर पट्टेही. सुमुखाची एक मिशी गेली. कमळजा तिन्ही पिल्लं तोंडात आणि कवेत धरून डोंगर चढली होती.

पण तळ्यातून मासे पळू शकत नव्हते. सोडियमनं पाण्याला आपला इलेक्ट्रॉन दिला, आणि मागे राहिलं ते दाहक, साबणासारखं निसरडं पाणी. थोड्या वेळानं मासे वर आले, पोट वर करून, एकामागून एक. सगळा काठ पांढरा झाला. खरी चांदी दिसावी तसा.

दुसऱ्या दिवशी चौकशी बसली. अध्यक्षस्थानी सुमुख.

"स्फोट कधी झाला?" त्यानं साक्षीदार वानर सोनाराला विचारलं.

"मुकुट पाण्यात पडल्यावर."

"त्याआधी काय झालं होतं?"

"विदुलाबाई ओरडल्या होत्या."

"काय ओरडल्या होत्या?"

"सोडियम, म्हणून."

"म्हणजे," सुमुख सावकाश म्हणाला, "जोवर सगळे त्याला चांदी म्हणत होते, तोवर चांदी शांत होती. बाईंनी तिला सोडियम म्हटलं आणि ती भडकली. बरोबर?"

वानरानं आपल्या भाजलेल्या बोटांकडे पाहिलं. मग ती पाठीमागे लपवली.

"तसंच झालं खरं," तो म्हणाला.

सभेनं टाळ्या वाजवल्या. किती सरळ हिशेब! व्याघ्रराज म्हणाले, "बाई, तुम्हाला काही बोलायचंय?"

"एवढंच की पिंपात अजून गोळे आहेत," विदुला म्हणाली. "ते पाण्यापासून लांब ठेवा."

"अजूनही धमकी!" सुमुख म्हणाला.

विदुलाला जंगलाबाहेर काढण्यात आलं. प्रयोगशाळा ससाण्यांना मिळाली. त्यांनी काचेची भांडी अंडी ठेवायला घेतली. मेलेल्या माशांबद्दल नामकरण खात्यानं जाहीर केलं की ते उताणे पोहायला शिकलेत आणि ही प्रगती व्याघ्रराजांच्या कारकिर्दीतली आहे. तळ्याला तीर्थ म्हणायचं ठरलं. प्यायचं मात्र कोणी नाही, लांबूनच नमस्कार करायचा.

विदुला नदीच्या दिशेनं निघाली. वाटेत ओढ्याच्या वळणावर तिला कमळजा भेटली. पिल्लं एका दगडामागे बसली होती. धाकटा रडत होता, त्याला भूक लागली होती.

"तुझी पिल्लं वाचली," विदुला म्हणाली. तिला बहुतेक काहीतरी ऐकायचं होतं.

"वाचली. तुमच्यामुळे वाचली," कमळजा म्हणाली. "आणि तळं मेलं. तेही तुमच्यामुळेच, ताई. दरबारात तुम्ही उभ्या होतात तेव्हा मासे जिवंत होते."

विदुलानं मान खाली घातली. उत्तर तिला येत नव्हतं असं नाही. तिला सगळी उत्तरं यायची.

"पुढे एक झरा आहे," ती म्हणाली. "पाणी थोडं आहे, पण गोड आहे. मी दाखवते."

कमळजा लगेच उठली नाही. मग तिनं धाकट्याला मानेला धरून उचललं, मोठ्या दोघांना पुढे घातलं आणि निघाली. विदुलाच्या बरोबरीनं नाही, जरा अंतर ठेवून. काटे लागू नयेत म्हणून की आणखी कशासाठी, ते मला माहीत नाही.

आणि जंगलात व्याघ्रराजांचं राज्य अजून चालू आहे. पट्टे जळून गेल्यामुळे आता त्यांना सिंह म्हणतात.

तात्पर्य: बाळांनो, सारा दोष सोडियमचा. गाभ्यात अकरा प्रोटॉन असले, तरी चार पाहुण्यांसमोर सत्तेचाळीस असल्यासारखं वागायला काय हरकत होती? बाकीचं सगळं जंगल तसंच वागत होतं की. तेव्हा अणूंनी शिस्त शिकावी. आणि ज्यांना आकडे ठाऊक आहेत, त्यांनी ते मनातल्या मनात मोजावेत. मोठ्यानं मोजायचेच असतील, तर वेळेवर मोजू नयेत, उशिरा मोजावेत. म्हणजे स्फोटही होतो आणि स्फोट कोणामुळे झाला, हेही सगळ्यांना कळतं.